भोंग्याचं गाव

लहानपणी आमच्या घरी संक्रांतीचा हलवा बोधनहून यायचा. चाकूरच्या बाजारात तो मिळत नव्हता असं नाही, पण आजीचं ठरलेलं वाक्य होतं, "बोधनचा डबा येऊ दे, मग बगू." पत्र्याचा गोल डबा, त्याला शिवलेलं पांढरं कापड आणि कापडावर मामांच्या वळणदार अक्षरात आजोबांचं नाव. मामा म्हणजे माझ्या आत्याचे मालक. डबा उघडला की आतला हलवा असा शुभ्र आणि काटेरी असायचा की शेजारच्या बाया नुसता बघायला म्हणून यायच्या. साखर रेशनवर मिळायचे ते दिवस. कार्डावरची साखर सणासुदीला जपून ठेवायची आणि रोजचा चहा गुळाचा करायचा, अशा काळात आमची आत्या थेट साखरेच्या गावात दिलेली! बोधनला रस्त्याच्या कडेला साखर सांडलेली असेल, असं मला कितीतरी दिवस वाटायचं.

बोधन म्हणजे काही फार लांब नव्हे. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीहून निघालं आणि येसगीला मांजरा नदीचा पूल ओलांडला की राज्य बदलतं, आणि थोड्याच वेळात गाव येतं. तेलंगणातला निजामाबाद जिल्हा. आमची जुनी माणसं निजामाबादला अजून 'इंदूर'च म्हणतात. चाकूरहून आम्ही उदगीर, देगलूर, बिलोली असं करत, एस्ट्या बदलत जायचो. आईच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असायची. पूल आला की मी खिडकीतून तोंड बाहेर काढायची आणि वासावरून ओळखायची, आत्याचं गाव जवळ आलं. मळीचा तो वास! आंबूस, गोडसर, नाकात बसणारा. पहिल्या दिवशी मळमळायचं आणि तिसऱ्या दिवशी यायचाच बंद व्हायचा.

आत्याचं लग्न १९६२ सालचं. १९५६ ला भाषावार प्रांत झाले, मराठवाडा इकडं आला आणि बोधन आंध्रात गेलं. पण सोयरिकी जमवणाऱ्या माणसांच्या डोक्यात ती रेघ अजून उमटली नव्हती. काल-परवापर्यंत सगळं एकाच निजामाच्या राज्यात होतं, मग पोरगी देताना परका मुलूख कसा वाटेल? आत्याच्या सासूबाईंनी घराचा उंबरा न बदलता निजामाचं राज्य पाहिलं, १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरचं हैदराबाद राज्य पाहिलं आणि नंतर आंध्र प्रदेश पाहिला. २०१४ मध्ये तेलंगण झालं ते बघायला त्या नव्हत्या. ते आत्यानं पाहिलं.

गेल्या काही वर्षांत माझं जाणं कमी झालं होतं. बचत गटाच्या बैठका, घरचं, सासूबाईंचं आजारपण, यात राहूनच जायचं. शेवटी २०२४ च्या जानेवारीत, संक्रांत दोन दिवसांवर असताना, मुलाला गाडी काढायला लावली. आत्या ऐंशीची झाली होती. दारात उभी होती. "येरवाळी निघालतीस ना गं माय? मग एवढा उशीर कसा काय केलीस?" बासष्ट वर्षं तेलुगू मुलखात काढूनही तिची बोली लातूरचीच राहिली आहे. मधेच एखादा 'हौ' आणि 'नक्को' तेवढा दखनीतला.

बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यात सोळा महाजनपदांची यादी पाठ करावी लागायची. गोदावरीकाठचं 'अश्मक' हे विंध्याच्या दक्षिणेकडचं एकमेव महाजनपद, आणि त्याची राजधानी पोतन किंवा पोदन. हे पोदन म्हणजेच बोधन असं अनेक अभ्यासक मानतात, हे मला परीक्षा होऊन गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं. ज्या गावात मी उसाची कांडी चघळत हिंडले, ते एवढं जुनं! जैन परंपरेत बाहुबलीची राजधानी पोदनपूर, तीही हीच समजतात. गावात 'देवल मशीद' नावाची पुरातन वास्तू आहे. नावातच दोन्ही आलं. आणि महाभारतातली एकचक्रानगरी आमचीच, असं तिथली माणसं सांगतात. एकचक्रेश्वराचं देऊळही आहे. म्हणजे भीमानं बकासुराला मारलं ते इथं.

बकासुराची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. गावानं रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि घरटी एक माणूस पाठवायचा. मामा या गोष्टीवरून विनोद करायचे. कारखान्याच्या गव्हाणीकडं बोट दाखवून म्हणायचे, "ह्यो आमचा बकासूर. एक गाडा कशाला, रात्रंदिवस गाडे घालायला लागतेत, आन् थांबला तर समद्या गावाला उपास." तेव्हा आम्ही हसायचो.

पण मुळात हा बकासूर आला कुठून? तर आपल्या मांजरेतून. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर जिल्ह्यातून जाते, पुढं बिदर, मेदक असा वळसा घालून उत्तरेला वळते आणि कुंडलवाडीपाशी गोदावरीला मिळते. आमच्या भागातली घरणीही तिलाच मिळते. या मांजरेवर १९२३ ते १९३१ या काळात सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या राज्यात निजामसागर बांधला गेला. त्याचे इंजिनिअर होते नवाब अली नवाज जंग. धरणाचा कालवा बोधनच्या काळ्या रानात आला. बारमाही पाणी आलं म्हटल्यावर बारमाही पीक आलंच. १९३७ साली निजाम शुगर फॅक्टरी निघाली. एके काळी आशियातला सगळ्यात मोठा साखर कारखाना म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. कारखान्याभोवती वसलेल्या वसाहतीचं नाव शक्करनगर. साखरेसाठी निजाम स्टेट रेल्वेचा एक फाटाही जानकमपेटहून बोधनपर्यंत आणला गेला. आपल्या नांदेडला कापडाची उस्मानशाही मिल आणि बोधनला साखर, असं ते राज्य होतं. आपल्या महाराष्ट्रात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या प्रयत्नातून सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप १९५० मध्ये झालं. तिथं शेतकऱ्यांनी एकेक शेअर घेऊन कारखाना उभा केला. बोधनचा कारखाना राजानं काढला, पुढं तो सरकारचा झाला. गावाचा असा तो कधीच नव्हता. पण गाव मात्र पुरतं त्याचं होतं.

पाणी आल्यावर माणसं आली. कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडचे, कालव्यावर शेती करायची सवय असलेले आंध्रचे शेतकरी इकडं जमिनी घेऊन राहिले. त्यांच्या वस्त्यांना 'कॅम्प' म्हणतात. मुक्कामाला आले आणि कायमचे राहिले, तरी नाव कॅम्पच. कारखान्यात उत्तरेकडून आलेले साखरेतले जाणकार, हैदराबादचे उर्दू बोलणारे कारकून, आपल्याकडचे मराठी, बिदरकडचे कानडी. शक्करनगरच्या नळावर आत्या या सगळ्यांच्या बायकांबरोबर उभी राहायची. "पयल्या वर्षी मला कायबी समजत नव्हतं गं," ती सांगते. "गूळ मागितला तर दुकानदार म्हणायचा, बेल्लम का? मला वाटायचं, ह्यो बाबा काय देऊलालाय काय की!" पहिली मैत्रीण मिळाली ती कॅम्पातली एक तेलुगू बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. संक्रांतीला ती अंगणात मोठाले मुग्गू काढून मधे शेणाचे गोळे, त्यावर झेंडूचं फूल, असं मांडायची आणि आत्या तिला सुगडं दाखवायची. मग आत्या हलवा करायला बसली की ती शेजारी बसून बघायची. खुणांवर मैत्री चालली. सहा महिन्यांत भाषा आली.

हलवा आत्या सासूबाईंकडून शिकली. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस नाहीतर तीळ, आणि त्यावर चमच्याचमच्यानं पाक. बोटांनी फिरवत राहायचं. पाकात थोडं दूध घालून आधी साखरेची मळी काढून घ्यायची, नाहीतर हलवा पिवळट पडतो. पाक जरा पुढं गेला तर काटा येत नाही, मागं राहिला तर गोळा होतो. आत्या दोन बोटांत पाक धरून तार बघते, हे आपण सगळ्याच करतो. पण मामांची नोकरीही तीच होती, हे मला मोठेपणी कळलं. ते कारखान्यात पॅनवर होते. उसाचा रस गाळून, चुन्यानं साफ करून, आटवून शेवटी मोठ्या बंद भांड्यात शिजवतात, त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा धरला की नाही, केवढा झाला, हे बघायला थोडा माल काचेवर घेऊन उजेडात धरायचा आणि अंगठा-बोटात ताणून बघायचा. घड्याळ, काटे सगळं होतं, पण पॅनवरच्या माणसाच्या बोटावर सगळ्यांचा भरवसा. घरी आत्याच्या परातीत बोट घालून मामा म्हणायचे, "अजून एक उकळी." आणि ती म्हणायची, "तुमचा पॅन तिकडं. हिकडं हात लावायचा न्हाई."

हंगामात बायकांचा दिवस भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की पहिली पाळी सुटली, दुसरी बसली. पहिल्या पाळीला डबा पहाटे तयार लागायचा, तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी येऊन झोपायचा म्हणून पोरांना दिवसभर अंगणात बोलायचीही बंदी. पाळी आठवड्याला बदलली की घराचं जेवण, झोप, पाहुणे सगळं बदलायचं. बाळंतपणंसुद्धा भोंग्यावरून लक्षात ठेवलेली. माझा आतेभाऊ 'दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला' झाला. चिमणीतून चिपाडाची काजळी उडायची. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे बारीक कण येऊन बसायचे आणि हातानं झटकलं की डाग पडायचा. ते फुंकून काढायचे असतात, हे शक्करनगरची सून पहिल्या आठवड्यात शिकायची. पगार वेळेवर, दवाखाना, शाळा, हंगाम सुरू होताना पूजा, सणाला सजावट. आमच्या चाकूरच्या कोरडवाहू घरातून गेलेल्या आत्याला ते सुख वाटलं आणि ते खरंच सुख होतं. ते नाकारायचं कारण नाही.

यावेळी मी तिला एक विचारलं, जे लहानपणी सुचलं नव्हतं. ऊस कोण तोडायचं?

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "आपल्याकडचीबी यायची की. पालं टाकून राहायची. एक बाई माझ्याकडं पाणी न्यायला यायची. मुखेडकडची. लेकरू पाठीला. आपल्या बोलीत बोलायची म्हणून मला लई बरं वाटायचं. पण तिला घरात बोलवायला सासूबाईंचं मन व्हायचं न्हाई." मग म्हणाली, "तिचं नाव इचारलंच न्हाई बग मी कदी."

मी ज्या कामात आहे, त्यात हा प्रश्न रोजचा आहे. आमच्या भागातल्या तांड्या-वस्त्यांवरून दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, बाईची वेगळी मोजणी नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत आजारी पडायचीही सोय नाही. मागं राहिलेल्या पोरींना हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून आम्ही घरोघर फिरतो, आणि आया म्हणतात, 'धाकट्याला मग कोण सांभाळंल?' २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न पुढं आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मैत्रिणींनो, हा आकडा वाचून मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं. साखरेच्या डब्यात हात घालताना अजून तो आठवतो.

जगात सगळीकडं साखरेची गावं अशीच वसली आहेत का, असं वाटून मी मिळेल ते वाचत गेले. मॉरिशसला १८३४ पासून आपल्या देशातली गिरमिटिया माणसं उसाच्या मळ्यांवर नेली. त्यात कोकणातली मराठी घरंही होती आणि त्यांचे वंशज तिथं आजही गणपती बसवतात. तिकडं मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाच्या देशात चिचिगाल्पा हे गाव आहे. १८९० पासूनचा सॅन अँटोनिओ नावाचा मोठा साखर कारखाना तिथं आहे. भर उन्हात, पाणी न पिता तास न् तास ऊस तोडणाऱ्या तिथल्या तरुण पुरुषांना मूत्रपिंडाचा आजार होऊ लागला आणि एवढे गेले, की गावाजवळच्या एका वस्तीला लोक 'विधवांचं बेट' म्हणू लागले. उष्णता आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे त्यामागचं मोठं कारण असावं असं संशोधक सांगतात. नंतर त्या भागात तोडणीच्या कामात पाणी, विसावा आणि सावली ठरवून देण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पाणी, विसावा, सावली! आपल्याकडच्या बाईनं फडात कधी मागितली नाही अशी कुठली चौथी गोष्ट आहे त्यात? पण उसाच्या फडात हे तीन शब्द कराराच्या कागदावर यायला किती माणसं मरावी लागली.

असो. मी बोधनबद्दल सांगत होते.

२००२ मध्ये कारखान्याचा मोठा हिस्सा खाजगी कंपनीकडं गेला आणि नाव 'निजाम डेक्कन शुगर्स' झालं. मामा त्याआधीच निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडून त्यांनी गावात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. तिथंही भोंगा ऐकू यायचा, म्हणून ते खूश होते. २००९ ला मामा गेले. कारखान्याचं शेवटचं बघायला ते राहिले नाहीत, याचं आत्याला समाधानच आहे. २०१५ च्या डिसेंबरात बोधन, मुत्यमपेट आणि मंबोजीपल्ली या तिन्ही ठिकाणच्या कारखान्यांत ले-ऑफ जाहीर झाला. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या निवाड्यात निघाली. मी गेले त्याच्या महिनाभर आधी तेलंगणात निवडणुका होऊन नवं सरकार आलं होतं, कारखाना पुन्हा सुरू करू असं वचन प्रचारात दिलं गेलं होतं, आणि त्याच जानेवारीत त्यासाठी समितीही नेमली गेली. "समिती म्हणजे कमिटीच ना?" आत्यानं विचारलं. "मग बगू."

दुसऱ्या दिवशी आम्ही शक्करनगरला गेलो. आत्याला चालवत नाही, गाडीतूनच बघायचं म्हणाली. चिमण्या उभ्या होत्या. फाटकाच्या आत गवत छातीएवढं. क्वार्टरांपैकी काहींचे दरवाजे-खिडक्या नव्हते. आत्याच्या जुन्या घरापुढचा नळ मात्र जागेवर होता. शेजारच्या ओट्यावर एक बाई सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत होती. निजामाबाद जिल्ह्यात विड्या वळणाऱ्या बायका पूर्वीपासून हजारोंनी आहेत. पण शक्करनगरच्या बायका विड्या वळत नसत. पगारदार माणसाच्या घरात ते कमीपणाचं समजत. ती बाई आत्याला ओळखून उठली. दोघी तेलुगूत बोलत राहिल्या, मला चारच शब्द समजले: पगार, मुलगा, हैदराबाद, नाही. गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "तिचा मालक आन् आपले मामा एकाच पाळीत व्हते."

कारखाना का बंद पडला, याची कारणं बोधनमध्ये प्रत्येक जण वेगळी सांगतो. कुणी खाजगीकरण म्हणतं, कुणी उसाचं बिल वेळेवर न मिळणं म्हणतं, कुणी शेतकरी भाताकडं वळला म्हणतं. मला नदीबद्दल बोलायचं आहे. कारण नदी आपल्याकडून जाते. १९८९ मध्ये निजामसागरच्या वरच्या अंगाला सिंगूर धरण पूर्ण झालं आणि मांजरेचं पाणी हैदराबादला प्यायला गेलं. त्याच्याही वर, केज तालुक्यात धनेगावला आपलं मांजरा धरण. त्याच्या खाली लातूर जिल्ह्यात ऊस वाढत गेला, एकामागून एक कारखाने झाले. ज्या पाण्यानं बोधनला ऊस पिकवला, त्याच नदीचं पाणी वर अडवून आम्ही ऊस लावला. माधवराव चितळ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जलसिंचन आयोगानं १९९९ मध्येच सांगितलं होतं, की तुटीच्या खोऱ्यांत उसासारखी पिकं नकोत. ऐकलं कुणी?

२०१६ चा उन्हाळा कोण विसरेल? धनेगावचं धरण कोरडं ठक्क, लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली ती रेल्वे. तिचं नाव जलदूत. आम्ही बायकांनी त्या उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणी झाडाला, धुणं धुतलेलं पाणी संडासाला, असं करत दिवस काढले. आणि त्याच्या आदल्या हंगामापर्यंत आमच्याच जिल्ह्यात ऊस गाळला जात होता. माझ्या सासूबाईंनी तर पाटल्या मोडून आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचा शेअर घेतला होता. कारखाना पुढं बंद पडला. शेअरचा कागद अजून ट्रंकेत आहे, पाटल्या नाहीत. ऊस लावू नका असं मी शेतकऱ्याच्या बायकोला कुठल्या तोंडानं सांगू? सोयाबीनला भाव पडला की तीच मला विचारते, "ताई, मग काय लावायचं ते सांगा." माझ्याकडं उत्तर नसतं. पण बोधन पाहून आल्यापासून एवढं करते, की बचत गटाच्या बैठकीत शक्करनगरच्या नळावरच्या बायकांची गोष्ट सांगते. एका जिनसावर अख्खं गाव उभं राहिलं आणि ती जिनस गेली, की पहिल्यांदा कोणाच्या मांडीवर सूप येतं, हे बायकांना लगेच कळतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला आत्यानं शेगडी पेटवायला लावली. "एकदा शिकून घे. नंतर कोण सांगंल?" तिची बोटं आता वळत नाहीत, म्हणून परातीत हात माझा आणि सूचना तिच्या. खसखस गरम झाली. "आता घाल. एक चमचा. फिरव. थांबू नको." तिसऱ्या चमच्याला माझा हलवा चिकटला. पाक चुकला होता. आत्यानं दोन बोटांत धरून बघितला आणि अगदी मामांच्या आवाजात म्हणाली, "अजून एक उकळी." मग आम्ही दोघी हसलो आणि थोडं रडलोही.

साखर संपली होती. मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. तो दोन किलो घेऊन आला आणि हसत म्हणाला, "आई, दुकानातल्या पोत्यावर मराठीत लिहिलंय. आपल्या जिल्ह्यातल्याच कारखान्याचं पोतं आहे."

मी आत्याकडं बघितलं. तिला त्यात काही नवल नव्हतं. पिशवीतली साखर हातावर घेऊन तिनं खिडकीच्या उजेडात धरली, दाणा बघितला.

"आता तुमच्याकडनंच येती की," ती म्हणाली. "बारीक हाय जरा दाणा. पुढल्या टायमाला येताना तिथूनच आणत जा. हितं दोन रुपये जास्त घेतेत."